अर्थ लागत नाही

भेरूघाट चढून आलो,
सिमरोल यायच्या आधीच गाडी गप्प झाली.
आचके देऊन नाही, कुरकुर करून नाही.
बोलता बोलता कुणी वाक्य तिथंच टाकून
आत निघून जावं, तशी.
दिवा नाही, हॉर्न नाही,
मीटरवरचा तो हिरवा ठिपकाही नाही.
मी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली.
मग बाहेर काढून तिच्याकडेच पाहत राहिलो.

शरयूनं पदर खोचला.
"किल्लीला काय विचारता? सीट उघडा."

चोरलला बारसं होतं.
पिशवीत घुगऱ्या, ओटीचा नारळ,
आणि पाळण्यावरून उतरवलेली दिव्यांची माळ,
साडूची, उद्या परत करायची.
ती अकरा वर्षं पोलोग्राउंडच्या कारखान्यात
ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळायची.
कारखाना बंद पडला, बोटं बंद पडली नाहीत.
मी शाळेत मराठी शिकवायचो,
आता रविवारी पाच पोरांना शिकवतो.
दोघांना कायम खोकला असतो.

मोबाइलचा उजेड मी धरायचा. नऊ टक्के.
"हलवू नका."
फ्यूज काढून तिनं उजेडासमोर धरला,
सुईचं नेढं पाहतात तसा.
आतली तार शाबूत.
बॅटरीचे नट चिमटीत धरून हलवले. घट्ट.
मग डाव्या इंडिकेटरची काच खोलून
बल्ब काढला,
आणि साडूच्या माळेचं शेपूट
सरळ दातानं तोडलं.
"अगं, परत करायचीय ना ती!"
"करू की. थोडी आखूड."

बल्बला दोन मिश्या फुटल्या.
एक प्लसला, एक मायनसला:
पेटला.
"बॅटरी जिवंत आहे."
एक प्लसला, दुसरी गाडीच्या लोखंडाला:
अंधार.
मी हात मागे घेतला.
"बारा व्होल्ट हो. यानं मुंगी दचकत नाही."
रंग खरवडून दुसऱ्या जागी टेकवली.
अंधार.
ती टाचांवर बसली
आणि अगदी साधं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली,
"अर्थ लागत नाहीये."

खंडव्याकडे चाललेला एक ट्रक हळू झाला.
"क्या हुआ, भिया?"
मी म्हटलं, "अर्थ नहीं लग रहा."
"अपना किधर लगा आज तक," म्हणाला,
आणि गिअर टाकून गेला.

हे वाक्य मी किती वह्यांच्या समासात लिहिलंय.
तांबडी शाई, खाली दोन रेघा.
आणि वही मिटून पुढची घेतली.
कधी टाचांवर बसलो नाही,
दुसरं टोक कुठं टेकवून पाहू म्हणून,
कुठल्या पोराची तार
नेमकी कुठं सुटलीय म्हणून.
एक मुलगी होती, नाव आठवत नाही,
तिनं लिहिलं होतं, "आमच्या घरात दुपार खूप वेळ राहते."
मी खोडलं होतं.

"उजेड!"
मी भानावर आलो. चार टक्के.
बॅटरीच्या खाली, चौकटीला बोल्टनं धरलेली काळी वायर,
तिच्या टोकाला हिरवट थर,
न घासलेल्या तांब्याला चढतो तसा.
घराच्या किल्लीनं तिनं तो खरवडला.
दहाचा पाना लागत होता,
आणि डिकीत दहाचाच होता.
आयुष्यात असं फार वेळा होत नाही.
तिनं आवळला. मला म्हणाली, "आता विचारा किल्लीला."

उजेड एकदम सोयाबीनच्या शेतात जाऊन पडला
आणि एका कुत्र्यावर,
जे सगळा वेळ तिथंच बसून
आम्हाला पाहत होतं.

भंवरकुआंला डावीकडे वळायचं, राजेंद्रनगरला.
बटण दाबलं, आणि आठवलं,
बल्ब तिच्या पर्समध्ये राहिलाय.
मी काही बोलायच्या आत
माझ्या खांद्यामागून तिचा डावा हात
बाहेर आला, लांब,
अंगठ्यावर हिरवट डाग.
मागचा ऑटोवाला थांबला.